फिरत्या ग्रहावरचे तळ

पुणे, ८ जून २०२४

नित्ये,

पेटी उघडायच्या आधी हे पत्र वाच. नाहीतर मामा आधी फासे उचलतील आणि मग तुझ्या हाती काही लागणार नाही.

पेटीत आमचा खेळ आहे, ‘तारादळ’. मेजावर नकाशा पसरायचा, त्याच्या षट्कोनी घरांवर अंतराळजहाजं चालवायची आणि समोरच्याची फोडायची. प्रत्येक जहाजासाठी पत्त्यांमधलं एक पान असतं: वेग किती, कवच किती, तोफा कुठल्या अंगाला. दीड वर्ष लोक खेळताहेत आणि आता सगळे एकच मागताहेत, ग्रहांवरचे तळ. जमिनीवरून तोफा डागणारं कुणीतरी हवं म्हणे. मी सोपा उपाय केला, तळ म्हणजे वेग शून्य असलेलं जहाज. चालला नाही. झाडाला बांधलेल्या माणसाला लांबून दगड मारावेत तसा खेळ झाला.

नव्या पेटीत तळांचं प्रकरण घालायचं आहे. ते तू लिही. आम्हाला नियम लिहिणारं एक माणूस कायमचं ठेवायचं आहे, काम कुंभकोणमला बसूनच होईल. मी तुझं नाव घेतलं. माझा भागीदार सतीशकुमार म्हणाला, “मामेबहीण म्हणून?” मी म्हटलं, माझ्या लग्नाच्या छापून आलेल्या पत्रिकेत तीन चुका काढणारी ती एकटीच होती म्हणून. तर म्हणतो, आधी एक प्रकरण लिहून दाखवू दे, मग ठरवू.

एक अट आहे. फोनवर तू सगळ्याला “हो अक्का, हो अक्का” म्हणतेस आणि फोन ठेवून रडत बसतेस. मामीने सांगितलंय मला. तेव्हा खेळाबद्दल जे काय असेल ते पत्राने. कागदावर तुला भांडता येतं.

रम्या


कुंभकोणम, १७ जून २०२४

रम्या अक्का,

नमस्कार. पेटी मिळाली. फासे अप्पांकडे आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट लिहिते. मला हे काम हवं आहे. तुला ठाऊक आहे, दम्यामुळे अम्मा मला शाळेत घालायला भीत होती आणि अप्पांनीच आठवीपर्यंत घरी शिकवलं. त्यानंतर शाळेत, कॉलेजात मी पाहुण्यासारखीच वावरले. दोन ठिकाणी नोकरी केली. दोन्हीकडे म्हणाले, मुलगी चांगली आहे, पण एक कागद तीनदा तपासते. तीनदा तपासणं हेच काम असलेली ही पहिलीच जागा मला दिसते आहे. म्हणून फार भीती वाटते. ती ह्या पत्रात कुठे दिसली तर दुर्लक्ष कर.

आता तळ. मला असं वाटतं, तळ हलत नाही हे खरं, पण ग्रह हलतो.

नकाशाच्या मधोमध एक गोल चकती ठेवायची, तो ग्रह. तिच्या कडेला घड्याळासारख्या बारा जागा. तळ एका जागेवर. प्रत्येक फेरीला चकती एक जागा पुढे फिरवायची, तळ तिच्याबरोबर जाईल. तळाला डोक्यावरची जागा आणि दोन्ही बाजूंच्या दोन-दोन जागा एवढंच आकाश दिसेल. जहाजालाही तळ तेवढाच वेळ दिसेल, ग्रहाच्या आरपार कुणाला दिसणार नाही. म्हणजे लांब उभं राहून दगड मारणं बंद. जहाजाला जवळ येऊन ग्रहाभोवती फिरावंच लागेल. फिरण्याचा वेग एका फेरीत दोन जागा.

तळाला एक मोठी तोफ द्यावी. पण हवेतून नेम धरायला वेळ लागतो, म्हणून जहाज दिसल्यावर दोन फेऱ्या नेम धरायचा आणि तिसरीला डागायची. मधेच जहाज दिसेनासं झालं तर नेम गेला.

हे बरोबर आहे का? नसेल तर तसं स्पष्ट लिही.

नित्या


पुणे, २७ जून २०२४

नित्ये,

ग्रह फिरवलास! दीड वर्षात आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. सतीशकुमारने वाचलं आणि “हं” म्हणाला. त्याचं “हं” म्हणजे दुसऱ्याची टाळी समज.

आता खेळून बघ. मामांना बसव, शेजारच्यांना बसव. चाळीसेक खेळ झाले की निकाल पाठव. तळ आणि जहाज साधारण सारखेच जिंकले पाहिजेत. सप्टेंबरअखेरीला पेटी छापायला जाते, ते लक्षात असू दे.

रम्या


कुंभकोणम, ११ ऑगस्ट २०२४

रम्या अक्का,

नमस्कार. चाळीस खेळ झाले. तळ एकवीस वेळा जिंकला, जहाज एकोणीस. सगळे निकाल वेगळ्या कागदांवर लिहून सोबत जोडले आहेत.

खेळायला अप्पा, मी आणि शेजारचे शंकरनारायण मामा होतो. मामा रेल्वेतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांना संध्याकाळ मोकळी असते. दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, नकाशा पसरत होतो. पहिल्या दिवशी मामांनी विचारलं, “नित्या, ह्या ग्रहाचं नाव काय?”

“नाव नाही, मामा.”

“बिननावाच्या ग्रहावर तोफा डागायला मला जमायचं नाही. बिचाऱ्याने माझं काय केलंय?”

मग त्यांनी ग्रहाला आपल्या जुन्या वरिष्ठांचं नाव दिलं. तेव्हापासून फार जोमाने खेळतात.

अप्पा नेहमीसारखे. मी लहानपणी गणित सोडवलं की पाटी बघायच्या आधी विचारायचे, “ताळा केलास?” आताही तेच. म्हणून प्रत्येक मांडणी बाजू बदलून पुन्हा खेळलो. तोफ दर खेळात निदान एकदा तरी डागली गेली. जहाज तोवर तळाचं कवच बरंच उतरवतं, आणि शेवटी कोण आधी पडतं ते फाशावर राहतं. मला वाटतं, नियम तोलात आहेत. “मला वाटतं” हे सवयीने लिहिलं. तोलात आहेत.

नित्या


पुणे, २४ ऑगस्ट २०२४

नित्या,

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे.

आमच्याकडे करण म्हणून एक मुलगा खेळ तपासतो. त्याला तुझं प्रकरण दिलं. त्याने जहाज घेतलं, सतीशकुमारने तळ. पाच खेळ झाले. पाचही खेळांत तळ उडाला आणि जहाजाला ओरखडासुद्धा नाही. तुझी मोठी तोफ एकदाही डागली गेली नाही, नित्या. एकदाही.

सतीशकुमारने तुझे निकाल मेजावर पसरले. म्हणाला, “चाळीस खेळ. एकवीस-एकोणीस. पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत एकसारखं अक्षर, कुठे खाडाखोड नाही. हे खेळून झालेले नाहीत. बसून लिहिलेले आहेत.”

मी म्हटलं, नित्या तसलं करणार नाही. तो म्हणाला, “मग तिथे दर वेळी डागणारी तोफ इथे एकदाही का डागत नाही?”

घाईत थोडे खेळ अंदाजाने लिहिले असशील तर सांग. मी रागावणार नाही.

रम्या


कुंभकोणम, ३० ऑगस्ट २०२४

रम्या अक्का,

सगळे खेळ खेळलेले आहेत. अक्षर एकसारखं आहे कारण मी निकाल आधी कच्चे लिहून मग उतरवले. खाडाखोड तुम्हाला पाठवणं बरं दिसलं नसतं.

“मी रागावणार नाही” ह्या वाक्याचं मला सतीशकुमार यांच्या बोलण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. ते मला ओळखत नाहीत.

तुझं पत्र आल्यावर आम्ही आणखी सहा खेळ खेळलो. सहाही खेळांत तोफ डागली गेली. आता मला कळेनासं झालं आहे. तुम्ही खोटं सांगणार नाही आणि मी खोटं लिहिलेलं नाही. पुणे आणि कुंभकोणम इथे फासे वेगळे पडत नाहीत. मी नियम पुन्हा पहिल्यापासून वाचले. तुमच्या प्रतीत काही गळलं असेल म्हणून शब्द न् शब्द तू फोनवर पाठवलेल्या तिच्या फोटोशी ताडून पाहिला. काही गळलेलं नाही.

करणच्या एका खेळाच्या सगळ्या चाली, एकही न सोडता, लिहून पाठव.

निकालांवर तुम्ही शंका घेतलीत, हे मी अप्पांना सांगितलेलं नाही. अम्माला सांगावं लागलं, कारण मी दोन दिवस नीट जेवले नाही.

नित्या


पुणे, ५ सप्टेंबर २०२४

नित्ये,

तू म्हणतेस ते खरं, ते वाक्य मी लिहायला नको होतं.

करणच्या चाली सोबत आहेत. त्याला फार लिहिणं आवडत नाही, तेव्हा नुसते आकडे आहेत. तीस तारखेला पेटी छापखान्यात जाणार. सतीशकुमारने बेंगळुरूच्या एका गृहस्थांशी नियमलेखनाचं बोलणं सुरू केलंय. हेही तुला सांगायला हवं म्हणून सांगते.

रम्या


कुंभकोणम, १३ सप्टेंबर २०२४

रम्या अक्का,

नमस्कार. कारण सापडलं. जसं झालं तसं लिहिते.

रविवारी संध्याकाळी अप्पा आणि अम्मा तिरुनागेश्वरमहून परत आले. शंकरनारायण मामाही आले. मी नकाशा मांडला आणि करणचा कागद वाचायला घेतला. ठरलं असं की मी आकडे वाचायचे, जहाज अप्पांनी हलवायचं आणि ग्रह मामांनी फिरवायचा.

मी वाचलं, “बारावरून दहा.” अप्पांनी जहाज उचललं आणि बारावरून दोनवर ठेवलं.

“अप्पा, दहा.”

“हं.” त्यांनी जहाज परत बारावर नेलं आणि पुन्हा दोनवर ठेवलं.

“अप्पा, दहावर. इकडे.”

“उतरवताना चूक केलीय त्याने,” अप्पा म्हणाले. “बारानंतर एक येतं, मग दोन. दहा कसं येईल?”

“पुढे आठ लिहिलंय. मग सहा. चूक नाही, तो तसाच गेलाय.”

मामा म्हणाले, “पुण्याला घड्याळं उलटी असतील.”

शेवटी अप्पांनी जहाज दहावर ठेवलं, मग आठवर. तेवढ्यात अम्मा कॉफी घेऊन बाहेर आली. तिला ह्या खेळात काडीचा रस नाही, हे तुला माहीत आहे. ती थबकली.

“अय्यो! अप्रदक्षिण कायला घालता? आत्ता देवळातून आलात ना?”

मग अप्पा म्हणाले, “वत्सला, पुन्हा म्हण.”

“पुन्हा काय म्हणू? मधे काही ठेवलं की उजवीकडून फिरावं. लहान पोराला ठाऊक असतं.”

अक्का, सेहेचाळीस खेळांत आमच्यापैकी एकही माणूस ग्रहाभोवती डावीकडून गेला नाही. अप्पा नाहीत, मामा नाहीत. आणि मी तर अर्ध्या खेळांत जहाज घेतलं होतं, मीही नाही. कुणी ठरवलं नव्हतं. नियमात “जहाजाने हव्या त्या दिशेने फिरावं” असं मीच लिहिलं आहे. तरी मधे गोल वस्तू दिसली की आमचे हात आपोआप प्रदक्षिणा घालतात. ग्रह कुठे फिरतो ते दाखवणारा बाण उजवीकडे काढला, तोही मीच, का ते मला सांगता येत नाही. अप्पांनी आता आठवण करून दिली की उत्तरेकडून पाहिलं तर पृथ्वीसुद्धा उलट फिरते.

ग्रह उजवीकडे फिरतो आणि जहाजही उजवीकडे, तेव्हा जहाज तळाच्या आकाशात पाच फेऱ्या रेंगाळतं. नेम धरून डागायला भरपूर वेळ मिळतो. डावीकडून गेलं की दोघं एकमेकांना ओलांडतात. जहाज फार तर दोन फेऱ्या दिसतं आणि नाहीसं होतं. नेम पुरा होतच नाही. करण बरोबर खेळला. नियम चुकलेले आहेत.

अप्पांना मग सगळं सांगावं लागलं. त्यांनी जहाज परत बारावर ठेवलं. नंतर म्हणाले, “ताळा केला, पण त्याच हातांनी केला.” आणि मग, “नवग्रहांना नवातल्या शेवटच्या दोन प्रदक्षिणा उलट्या घालतात की, राहू-केतूंसाठी. तेवढ्या आपल्याला चालतील.”

“त्याही चूक,” अम्मा म्हणाली. “देवळातले पुजारी, गुरुक्कळ, स्वतः सांगतात, नऊही उजवीकडूनच.”

“मी लहानपणापासून दोन उलट्याच घालत आलोय.”

“म्हणूनच!”

मामा म्हणाले, आधी कळलं असतं तर आपल्या वरिष्ठांभोवती ते पहिल्या दिवसापासून उलटेच फिरले असते.

सतीशकुमार यांना दोन्ही गोष्टी सांग. खेळ खोटे नव्हते. आणि खरे असूनही ते निरुपयोगी होते.

नित्या


पुणे, १८ सप्टेंबर २०२४

नित्ये,

तुझं पत्र मी कचेरीत मोठ्याने वाचलं. मामीचं बोलणं तिच्या आवाजात. करण खुर्चीवरून पडायचा राहिला. आम्ही लगेच तीन मुलांना नकाशापुढे बसवलं, काही न सांगता. दोघं उजवीकडून गेली, एक डावीकडून.

सतीशकुमार मात्र हसला नाही. म्हणाला, “गोष्ट चांगली आहे.” गोष्ट म्हणजे कुठल्या अर्थाने, ते मी विचारलं नाही.

पण त्याने तोड काढलीय. एकच वाक्य घालायचं: “जहाजांनी ग्रहाच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरावं.” मग तुझे सगळे खेळ लागू पडतात, एकवीस-एकोणीस उभं राहतं, पेटी वेळेवर छापायला जाते. प्रकरणावर तुझं नाव. बेंगळुरूच्या गृहस्थांना आपण नको म्हणून कळवू. सतीशकुमार तयार आहे, हे मी त्याच्या तोंडून ऐकलंय.

ह्या एका गोष्टीला मात्र “हो अक्का” म्हण. ह्या वेळी मी काही म्हणणार नाही.

रम्या


कुंभकोणम, २२ सप्टेंबर २०२४

रम्या अक्का,

नमस्कार. दोन दिवस विचार केला. नाही.

त्या वाक्याने खेळ तोलात येईल, पण का, ते कुणाला सांगता येणार नाही. शत्रूचा तळ उडवायला आलेलं जहाज आमच्या गल्लीसारखं का वागेल? पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारेल, डावीकडून का नाही? आपल्याकडे उत्तर एवढंच असेल की तपासणारी माणसं तशी जात नव्हती. माझी चूक झाकायला मी खेळणाऱ्यावर बंदी घालू शकत नाही.

दुसरा उपाय सुचला आहे. एका तळाऐवजी दोन, ग्रहाच्या समोरासमोरच्या जागांवर. एकाने धरलेला नेम दुसऱ्याला देता यावा. मधे एक फेरी जहाज दडलं तरी नेम टिकावा. मग जहाज डावीकडून पळालं तरी एका तळाकडून सुटून दुसऱ्याच्या समोर येईल, आणि तिसऱ्यांदा दिसलं की तोफ डागता येईल. उजवीकडून रेंगाळलं तर आधीसारखंच. दोन तळ झाले म्हणून प्रत्येकाचं कवच कमी केलं आहे.

ह्या नियमाने आम्ही काही खेळ खेळलो. अप्पा राहूचं नाव घेऊन डावीकडून जातात. निकाल बरे आले आहेत. पण ते मी पाठवत नाही. अप्पा डावीकडून जातात ते मी सांगितलं म्हणून. करण जातो तो जिंकायला. हा फरक आता मला दिसतो, आणि दिसल्यावर “तपासलेलं” असा शब्द मला लिहिता येत नाही. तीस तारखेच्या आत तो लिहिता येईल असंही वाटत नाही.

म्हणून हे प्रकरण ह्या पेटीत घालू नका. बेंगळुरूच्या गृहस्थांना काम द्यायचं ठरलं तर दोन तळांचा नियम त्यांना द्यायला माझी हरकत नाही. तो अजून तपासायचा आहे, एवढं मात्र त्यांना सांगा.

मला काम हवं होतं, हे मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते अजून तसंच आहे. तू माझ्यासाठी भांडलीस हे मला कळतं.

नित्या


पुणे, १४ ऑक्टोबर २०२४

नित्या यांस,

नमस्कार. आपण एकमेकांना पहिल्यांदाच लिहितो आहोत.

पेटी तळांशिवाय छापली. लोक चिडले आहेत. चिडू देत.

मी तुमच्या निकालांबद्दल जे बोललो होतो, ते रम्याने तुम्हाला जसंच्या तसं कळवलं, हे मला काल समजलं. मी समजत होतो की ती सौम्य करून सांगेल. तिने तसं केलं असतं तरी मी बोललो होतोच. ते चुकीचं होतं.

दोन तळांच्या नियमाने करण आणि मी गेले दोन आठवडे खेळतो आहोत. तो आता माझ्या खेळण्याला सरावला आहे आणि मी त्याच्या. तुमच्या अप्पांचं जे झालं तेच इथे व्हायला लागलं आहे. तेव्हा ज्याने नियम लिहिला त्याच्याविरुद्ध, दूर बसून, मला एक खेळ खेळायचा आहे. एका पत्रात एक चाल. तळ तुमचे, जहाज माझं.

फाशांचा प्रश्न येतो. रम्या म्हणाली, फोनच्या कॅमेऱ्यासमोर टाकावेत. त्याची मला गरज वाटत नाही. दोघांचेही फासे तुम्हीच टाका आणि काय पडलं ते लिहा.

बेंगळुरूला नको म्हणून कळवलं आहे. कामाबद्दलचं पत्र रम्या वेगळं पाठवते आहे. त्याचा आणि ह्या खेळात कोण जिंकतं त्याचा संबंध नाही.

तुमचे तळ बारावर आणि सहावर धरतो. माझं जहाज तीनवरून सुरू करतो आणि डावीकडून जातो: दोन, एक. एकवरून जो तळ दिसेल त्याच्यावर मारा. चार किंवा वर पडलं तर लागला.

सतीशकुमार


कुंभकोणम, २० ऑक्टोबर २०२४

सतीशकुमार यांस,

नमस्कार. पत्र मिळालं. कामाबद्दलचं रम्या अक्काचं पत्रही त्याच टपालाने आलं. तिला वेगळं उत्तर लिहिलं आहे, हो म्हणून.

आता चाल. आधी ग्रह एक जागा फिरवला. बारावरचा तळ, त्याला आम्ही थोरला म्हणतो, एकवर आला. धाकटा सातवर गेला. तुमचं जहाज तीनवरून एकवर, म्हणजे थोरल्याच्या बरोबर डोक्यावर. तो तुम्हाला दिसतो आणि तुम्ही त्याला. थोरल्याने नेम धरला. ही पहिली फेरी मोजली.

तुमच्या माऱ्यासाठी फासा टाकला. तो मेजावरून घरंगळून खाली जमिनीवर पडला. त्यावर एक होता, म्हणजे तुमचा मारा चुकला असता. खाली पडलेला फासा धरायचा की नाही, ह्याबद्दल खेळाच्या नियमात काहीच लिहिलेलं नाही; मी पहिल्या पानापासून पाहिलं. शंकरनारायण मामा म्हणाले, “धर, पडला तो पडला.” अम्मा म्हणाली, “पुण्याला कुणाला दिसतंय?” अप्पा माझ्याकडे बघत होते.

मेजावरचाच फासा खरा, असं मी ठरवलं आणि पुन्हा टाकला. सहा पडला. थोरल्याचं कवच गेलं.

खाली पडलेल्या फाशाबद्दलचा नियम दोन ओळींत लिहून सोबत जोडला आहे. पटत नसेल तर पहिला फासा धरू, आणि थोरल्याचं कवच परत चढवू. पण मग पुढेही नेहमी तसंच धरावं लागेल.

तुमची पुढची चाल कळवा.

नित्या